शॉकअप परत लांब, तरी टाच खाली: कमी उंचीच्या चालकासाठी क्रूझरचं एक प्रकरण

बाईक हाती आली तेव्हा ती आधीच 'खाली आणलेली' होती. दुसऱ्या एका ठिकाणी मागचे दोन्ही मूळ शॉकअप काढून त्यांच्या जागी ३० मिमी आखूड शॉकअप बसवले होते. एवढं करूनही चालकाच्या दोन्ही टाचा जमिनीपासून दोन इंचांहून जास्त वर राहत होत्या. "अजून आखूड मिळतात का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मिळतात, पण उत्तर त्या दिशेला नव्हतं.

चालकाची उंची १५३ सेंमी, जांघेपासून अनवाणी टाचेपर्यंत पाय ६८५ मिमी, वजन ५२ किलो. आधी स्कूटर आणि हलकी बाईक बरीच वर्षं चालवलेली, म्हणजे नवशिक्या अजिबात नाहीत. बाईक ३५० सीसी गटातली क्रूझर (लांब, कमी उंचीच्या सीटची बाईक), पेट्रोलसकट सुमारे १९५ किलोची, मागे दोन शॉकअप, कागदावर सीटची उंची ७५० मिमी, दोन चाकांमधलं अंतर १४५० मिमी. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, कारण याच मांडणीच्या क्रूझर बऱ्याच आहेत आणि पुढचं सगळं त्यांना थोड्याफार फरकाने लागू पडतं.

तक्रारी चार होत्या. थांबल्यावर पाय चवड्यावरच राहतो आणि उतारावर धीर सुटतो, ही मूळची. बाकीच्या तीन शॉकअप बदलल्यानंतरच्या: साइड स्टँडवर बाईक जवळजवळ ताठ उभी राहते आणि एकदा उभ्या-उभ्या दुसऱ्या बाजूला कोसळली, रात्री समोरून येणारे चालक दिव्यांची उघडझाप करून इशारा देतात, आणि प्रत्येक खड्डा थेट कण्यात जातो.

आखूड शॉकअपने नेमकं काय केलं

शॉकअप ३० मिमी आखूड केला की सीट ३० मिमी खाली येईल असा सर्वांचा समज असतो. तसं होत नाही. शॉकअप तिरका असतो आणि त्याचं खालचं टोक चाकाच्या ॲक्सलच्या (मधल्या आसाच्या) थोडं पुढे असतं, म्हणून ॲक्सलपाशी फरक जास्त पडतो. इथे तो ३६ मिमी भरला. पण चालक ॲक्सलवर बसत नाही. मागचं टोक खाली गेलं की अख्खी बाईक पुढच्या चाकाभोवती फिरते, आणि चालकाची बसायची जागा पुढच्या ॲक्सलपासून साधारण एक मीटर मागे. म्हणजे १४५० पैकी १०००. ३६ मिमीचा तेवढाच हिस्सा सीटला मिळतो: २५ मिमी.

त्यातही गळती होती. नव्या शॉकअपच्या स्प्रिंग जड बाईकसाठी बनलेल्या, चांगल्याच कडक. ५२ किलोचा माणूस बसल्यावर मागचं चाक जेमतेम ९ मिमी वर सरकत होतं. मूळ शॉकअपवर त्याच चालकाच्या वजनाने ते १६ मिमी सरकायचं. चालक बसल्यानंतरचा खरा फायदा म्हणून २५ राहिला नाही, २० वर आला. ३० मिमीचे पैसे मोजून २० मिमी पदरात.

आणि त्या २० मिमीची किंमत बघा. मागचं टोक ३६ मिमी उतरलं म्हणजे बाईक मागे १.४ अंश झुकली. ऐकायला किरकोळ, पण हेडलाइटचा झोत २५ मीटरवर त्यामुळे ६० सेंमीहून जास्त वर चढतो. समोरचे चालक दिव्यांनी इशारा देत होते ते त्यामुळेच. हँडलच्या दांड्याचा कल तेवढ्याच अंशांनी वाढला आणि त्याबरोबर ट्रेलही (हँडलच्या दांड्याची रेषा जमिनीला मिळते तिथपासून पुढचा टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) साधारण १० मिमीने. क्रूझरचं हँडल मुळातच संथ असतं. इतक्या फरकाने चाल धोकादायक होत नाही, पण सावकाश वळताना पुढचं चाक आळशी वाटायला लागतं. कमी उंचीच्या चालकाला नेमका सावकाश वळतानाच आत्मविश्वास हवा असतो, त्यामुळे हा सौदा मला कधीच पटलेला नाही. फूटरेस्ट सुमारे १४ मिमी खाली आले, म्हणजे वळणावर घासायच्या आधी झुकायची मुभा दोनेक अंशांनी घटली. ज्या वाहनाला ती मुभा आधीच कमी, त्याच्याकडून ती आणखी काढून घेतली.

साइड स्टँडचं गणित तर सरळ आहे. बाईक खाली आली, स्टँड होता तेवढाच राहिला, म्हणून तो आता 'लांब' झाला. बाईक स्टँडवर कलायला हवी तेवढी कलत नाही आणि पलीकडच्या बाजूला जायला एक झुळूक किंवा जमिनीचा थोडा उतार पुरतो.

मडगार्डच्या आतल्या बाजूला टायर घासल्याची चकचकीत पट्टी होती, मागच्या दिव्याच्या वायरीपासून बोटभर अंतरावर. शॉकअपची लांबी कमी झाली होती, पण दबण्याची हद्द जवळपास पूर्वीइतकीच होती. मग मागे कुणी बसलेलं असताना मोठा खड्डा आला की चाक पूर्वीपेक्षा ३६ मिमी वर, थेट मडगार्डपर्यंत जाणार. हे तपासण्याची रीत सोपी आहे: शॉकअपवरून स्प्रिंग उतरवायच्या, नुसता दांडा लावायचा आणि चाक हाताने शेवटपर्यंत वर ढकलून बघायचं. आखूड शॉकअप लावणाऱ्या प्रत्येकाने हे करायला हवं. करताना मात्र फारसं कुणी दिसत नाही.

सीटची उंची हा आकडा

पुढे जाण्याआधी त्या ७५० मिमीविषयी. हा आकडा बाईक मोकळी उभी असतानाचा. पण सगळ्याच कंपन्या तसा देत नाहीत. हार्ली-डेव्हिडसन वर्षानुवर्षं चालक बसलेला धरून उंची देत आली, आणि तो चालक १८० पाउंडांचा, म्हणजे सुमारे ८२ किलोचा. ५२ किलोच्या चालकाने तो आकडा वाचून शोरूममध्ये जाणं म्हणजे फसगत. मोकळ्या बाईकचा आकडा आणि हा आकडा शेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

दुसरी गोष्ट रुंदीची. पाय सीटच्या मध्यातून खाली जात नाही, तो कडेवरून वळसा घेऊन जातो. बीएमडब्ल्यू आपल्या बाईकसाठी सीटच्या उंचीसोबत पायांची कमानही देते: एका बाजूच्या जमिनीपासून सीटवरून दुसऱ्या बाजूच्या जमिनीपर्यंतची लांबी. माझ्या मते उपयोगाचा आकडा खरा तो आहे. होंडा रेबेल ५०० ची सीट ६९० मिमीवर, कावासाकी व्हल्कन एसची ७०५ मिमीवर. दोन्ही ठेंगण्या लोकांना सोप्या वाटतात, आणि त्याचं श्रेय उंचीइतकंच सीटच्या निमुळत्या पुढच्या टोकाला आहे. व्हल्कन एसवर तर फूटरेस्ट २५-२५ मिमी पुढेमागे सरकवता येतात आणि चालकाला पुढे आणणारी वेगळी सीटही मिळते. कंपनीने स्वतःच मान्य केलं आहे की माणूस बसवणं म्हणजे फक्त उंची कमी करणं नव्हे.

मोजायचं काय

आम्ही सीटची उंची मोजलीच नाही. टाच मोजली. बाईक सरळ उभी, कुणीतरी पुढून हँडल धरलेलं, चालक नेहमीच्या जागी बसलेला, दोन्ही पाय खाली, आणि टाचेखालचं अंतर. बाईक आली त्या स्थितीत, त्यांच्या रोजच्या बुटांवर, ते ५५ मिमी होतं.

टाचच का, हे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण 'पाय टेकणं' या प्रकरणात लोक भावनेने बोलतात आणि त्यात खरं बळाचं गणित आहे. टाच वर असेल तर पाय पूर्ण टेकवण्यासाठी बाईक त्या बाजूला कलवावी लागते. या सीटची कड मध्यापासून साधारण १४० मिमीवर होती. ५५ मिमी भरून काढायला बाईक सुमारे १४ अंश कलते. १९५ किलोच्या बाईकचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरवर आणि हँडल एक मीटरवर धरलं, तर १४ अंशांना हँडलपाशी जवळजवळ २४ किलोचा जोर लावून तिला थोपवावं लागतं. ५२ किलोच्या माणसाला हा जवळजवळ स्वतःच्या निम्म्या वजनाइतका जोर आहे, तोही एका पायावर, एका हाताने ब्रेक धरलेला असताना. अंतर १७ मिमी असेल तर कल सुमारे ६ अंश आणि जोर १० किलोच्या आसपास. उंच माणसाला हे कधी कळत नाही, कारण त्याची बाईक त्या ६ अंशांपर्यंतही पोचत नाही.

म्हणून टाच पूर्ण शून्यावर आणायचा हट्ट आम्ही धरला नाही. २० मिमीच्या आत आणायचं, एवढंच ठरवलं.

मूळ शॉकअप परत, पण एका बदलासह

जुने शॉकअप त्यांनी जपून ठेवले होते, हे नशीब. ते परत बसवले. त्यांच्यावर प्रीलोडची (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवणारी) पाच खाचांची रिंग होती आणि ती चौथ्या खाचेत होती, बहुधा बाईक विकत घेतली तेव्हापासून. चौथी खाच जड चालक किंवा मागे बसणारा गृहीत धरून असते. सी-स्पॅनरने (आकड्यासारख्या पान्याने) ती पहिल्या खाचेवर आणली.

इथे एक गैरसमज खोडावा लागतो. प्रीलोड कमी केल्याने स्प्रिंग मऊ होत नाही. ती असते तेवढीच कडक राहते. फक्त बाईक तिच्यावर थोडी अधिक खाली बसते. चालक बसल्यावर मागचं चाक आधी १६ मिमी सरकत होतं, आता २८ मिमी. या बाईकच्या मागच्या चाकाची एकूण हालचाल साधारण १०० मिमी, आणि चालक बसल्यावर तिच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास वापरली जाणं हे योग्यच मानलं जातं. म्हणजे तडजोड झालीच नाही. उलट या वजनासाठी बाईक पहिल्यांदा बरोबर लागली, आणि कण्यात जाणारे खड्डे बरेचसे तिथेच थांबले.

ॲक्सलपाशी १२ मिमी, सीटपाशी ८. आखूड शॉकअप काढून आम्ही २० मिमी गमावले होते, त्यातले ८ परत आले. टाच आता ६७ मिमीवर. आकड्यात आम्ही मागे गेलो होतो आणि चालकाच्या चेहऱ्यावर ते दिसतही होतं. पण हेडलाइट जागेवर आला, स्टँड पुन्हा योग्य लांबीचा झाला आणि मडगार्ड मोकळा झाला. कापाकाप, वेल्डिंग काहीच लागलं नाही.

चेनविषयी थोडं. मागचं टोक वरखाली झालं की उभ्या बाईकवर मोजलेली चेनची ढील बदलते. चेन सर्वांत ताणली जाते ती पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या हाताचा) पिव्हट, म्हणजे तो फिरतो ती जागा, आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की. बाईक खाली आली की ती उभ्यानेच त्या रेषेच्या जवळ सरकते, म्हणून ढील कमी दिसते. शॉकअप परत घातल्यावर ढील पुन्हा तपासली, नियमपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बसवली आणि पुढे गेलो.

सीट

आता खरं काम. मूळ सीटच्या मध्यावर फोमची जाडी ७५ मिमी, पुढच्या भागाची रुंदी २९० मिमी. ही रुंदी मला अनाठायी वाटली. क्रूझरची सीट शोरूममध्ये ऐसपैस दिसावी म्हणून पुढेही रुंद ठेवतात, बसायला ती मागेच लागते.

मूळ सीटला हात न लावता दुसरी सीट मिळवावी, हा आमचा आग्रह असतो. फोम एकदा कापला की परत येत नाही, आणि बाईक पुढे विकायची झाली तर मूळ सीट लागते. जुनी, फाटक्या कव्हरची सीट चालते, खालचा प्लास्टिकचा तळ शाबूत असला की झालं. त्या तळाला कुठे चिरा आहेत का, रबराचे गोटे जागेवर आहेत का, हे आधी बघायचं, कारण फोम पातळ झाल्यावर तळावर जोर जास्त येतो.

कव्हर काढायला स्टेपल उपटाव्या लागतात. मग चालकाला उघड्या फोमवर बसवलं आणि मांड्या जिथे कडेला टेकतात तिथे मार्करने खुणा केल्या. ही पायरी बरेच सीटवाले वगळतात आणि डोळ्यांच्या अंदाजाने कापतात. खुणा बघितल्यावर कळलं की चालक मध्यावर बसतच नव्हत्या. सीटचा पृष्ठभाग मागे घसरता होता, त्या हळूहळू मागे सरकायच्या आणि तिथे सीट आणखी रुंद. निम्मी अडचण त्या घसरण्याची होती.

मध्यातून ४० मिमी फोम कापला. लांब पात्याची सुरी आणि नंतर ग्राइंडरवर जाड दाण्याचा फ्लॅप डिस्क, एवढ्यात होतं. डिस्कला मात्र घाई चालत नाही, फोम क्षणात खड्डा पडून जातो. त्यावर १४ मिमीचा दाट, दाबून बनवलेला फोम चिकटवला. निव्वळ घट २६ मिमी. इथेही २६ चे २६ मिळत नाहीत: जुना जाड फोम वजनाने १८ मिमी दबायचा, नवा दाट थर आणि उरलेला जुना मिळून १२ मिमी दबतात. फायदा २० मिमी. नवा फोम न घालता नुसता कापून सोडला असता तर आकडा छान दिसला असता आणि तासाभरात बसणाऱ्याला खालचं प्लास्टिक जाणवलं असतं. पातळ सीट मऊ असून चालत नाही, ती घट्टच हवी. जेलच्या गाद्या मी सुचवत नाही. जेल जड असतं, उन्हात तापतं आणि उंची कमी करण्यात त्याचा काही हातभार नाही.

पुढची रुंदी २९० वरून २३० मिमीवर आणली, कडा गोल केल्या, मांडीच्या रेषेत थोडा उतार दिला. फक्त या रुंदीने टाच १६ मिमी खाली आली. एवढं एकाच गोष्टीतून मिळेल यावर चालकाचा विश्वास बसेना, म्हणून पुन्हा मोजून दाखवलं. मागच्या बाजूला फोमचा छोटा कठडा उभा केला, जेणेकरून माकडहाड तिथे अडेल आणि मागे सरकणं बंद होईल. त्या जागेपासून हँडल आणि फूटरेस्टही जवळ आले.

कव्हर लगेच शिवायचं नाही. उघड्या फोमवर जुनं कव्हर नुसतं ओढून, टेपने बांधून, बाईक काही दिवस चालवायला दिली. परत आल्या तेव्हा एकच तक्रार: उजव्या मांडीखाली कड टोचते. तिथे आणखी थोडं घासलं. शिवून झाल्यावर हे करायचं म्हणजे कव्हर पुन्हा उपटणं आलं. शेवटी फोमवर पाणी न झिरपणारा पातळ पडदा आणि त्यावर नवं रेक्झिन. शिलाई बसण्याच्या खोलगट जागेत येऊ द्यायची नाही. शिवणीतून पाणी आत जातं आणि तिथेच साचतं.

टाच: ६७ वरून २० गेले, ४७. त्यातून १६ गेले, ३१.

बूट, हँडल, गिअर

उरलेल्यातले १४ मिमी बुटांनी दिले. आधी त्या पातळ तळाचे बूट घालायच्या. घोट्याच्या वर जाणारे, जाड पण वाकणाऱ्या तळाचे रायडिंग बूट घेतले. टाच १७ मिमीवर आली आणि ठरवलेल्या हद्दीत बसली. खूप उंच, ताठ तळाचे बूट मिळतात, पण त्यांत पायाला खालची जमीन कळत नाही. थांबताना खडी आहे की ओल, हे पायाला कळलं पाहिजे. जाड बुटाने गिअर लिव्हरखाली पाय घुसेना, म्हणून लिव्हरचा जोडदांडा फिरवून तो थोडा वर घेतला. मागचा ब्रेक पेडलही तसाच तपासला.

सीट खाली गेली की हँडल आपोआप उंच आणि लांब वाटतं. इथे कठड्याने चालकाला पुढे आणलं होतं, तरी पूर्ण वळवल्यावर बाहेरचा हात ताणला जात होता. हँडल क्लॅम्पमध्ये थोडं मागे फिरवलं. हे करताना दोन्ही टोकांपर्यंत हँडल वळवून क्लचची केबल, थ्रॉटलची केबल आणि ब्रेकची नळी कुठे ओढली जाते का, लिव्हर टाकीला टेकतात का, हे पाहायचं. इंजिन चालू ठेवून हँडल वळवलं आणि आवाज चढला, तर थ्रॉटलची केबल ताणली जातेय. इथे तसं झालं नाही.

जे केलं नाही

पुढचे फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) त्यांना धरणाऱ्या प्लेटमधून १० मिमी वर सरकवून पुढचं टोक खाली आणता आलं असतं. मागे आखूड शॉकअप असते तर तोल साधायला ते करावंच लागलं असतं. पण त्यातून सीटला जेमतेम ३ मिमी मिळतात, पुढचं टोक कायम खाली राहतं, आणि प्लेटचे बोल्ट ठरलेल्या टॉर्कने कसले नाहीत तर फोर्क सरकण्याचा धोका. ३ मिमीसाठी हे कशाला?

शॉकअपची खालची जागा बदलणारे ठोकळे स्वस्त असतात आणि म्हणून लोकप्रिय. ते चाक आणि शॉकअपमधलं तरफेचं प्रमाण बदलतात, आणि चाकापाशी स्प्रिंगचा कडकपणा त्या प्रमाणाच्या वर्गाने घटतो. बाईक खाली येते, मऊ होते, आणि लवकर तळाला आदळते. एकच शॉकअप असलेल्या बाईकवर लिंकची (शॉकअपला चाकाच्या बाजूशी जोडणाऱ्या पट्टीची) लांबी बदलून हेच करतात. तिथे निदान चांगल्या बनावटीच्या लिंक मिळतात, इथे तो प्रश्न नव्हता.

स्प्रिंगचे वेटोळे कापणं हा सगळ्यांत वाईट उपाय. वेटोळे कमी झाले की स्प्रिंग उलट कडक होते, कापलेलं टोक बैठकीवर सपाट बसत नाही, आणि दांडा पूर्ण उघडला की स्प्रिंग सैल खुळखुळते. कमी उंचीचे टायरही सुचवले गेले होते. १४०/७० ऐवजी १४०/६० (पहिला आकडा रुंदी मिमीत, दुसरा उंची त्या रुंदीच्या टक्क्यांत) लावला तर ॲक्सल १४ मिमी खाली येतो, पण सीटला त्यातले १० मिळतात आणि स्पीडोमीटर, एबीएस यांचं गणित उगाच उघडावं लागतं.

चालवताना

१७ मिमी उरले, म्हणजे एक पाय पूर्ण टेकवायला ढुंगण थोडं सरकवायचं आणि बाईक किंचित कलवायची. ही सवय त्यांनी पटकन लावून घेतली. पण कोणता पाय, हा प्रश्न राहतो. रस्ता बहुधा मधोमध उंच आणि कडेला उतरता असतो, म्हणून कडेच्या बाजूची जमीन दोनतीन सेंटिमीटर खाली असते. लांब पायांच्या माणसाला ते जाणवत नाही; इथे मात्र मिळवलेले सगळे मिलिमीटर एका उतारात जातात. अशा जागी मधल्या बाजूचा पाय टेकवावा. तो ब्रेकचा पाय असला तर पुढच्या ब्रेकवर बाईक धरून ठेवायची.

मागे ढकलायचं झालं की बसल्या-बसल्या पाय मारत न बसता उतरून, हँडल आणि सीट धरून ढकलायचं, हे त्यांना मी दोनदा सांगितलं. पार्किंगमध्ये तोंड उताराकडे करून लावायची नाही, हेही. १९५ किलो बसून उलट्या चढावर ओढणं उंच माणसालाही जड जातं.

आधी त्या सिग्नलला पोचण्याआधीच घाबरायच्या, आणि घाबरून फार हळू यायच्या. अगदी सावकाश सरकणारी बाईक डगमगते. आता मागचा ब्रेक शेवटपर्यंत धरून, नजर पुढे ठेवून, एकाच ठिकाणी थांबणं जमलं आहे. यात मिलिमीटरचा वाटा किती आणि सरावाचा किती, हे मला वेगळं करता येत नाही.

बाकी राहिलेलं

नवा फोम वापरात थोडा बसला आणि टाच आणखी दोनेक मिमी खाली आली, ते फुकटचं. मागच्या सीटला हात लावलेला नाही, म्हणून आता पुढची आणि मागची सीट यांत पायरी पडली आहे आणि मागे बसणाऱ्याला ती जाणवते. मागे कुणी बसणार असेल तर प्रीलोडची रिंग तिसऱ्या खाचेवर न्यायची. मागच्या माणसाच्या वजनाने बाईक एरवीपेक्षाही खाली बसते, त्यामुळे टाचेचा प्रश्न येत नाही. त्यांच्या टूलकिटमध्ये सी-स्पॅनर टाकून ठेवला आहे. एकट्या निघाल्या की रिंग परत पहिल्या खाचेवर.

आखूड शॉकअप अजून डब्यात पडून आहेत. ज्यांचं वजन ८० किलोच्या पुढे आहे आणि पाय आखूड आहेत, अशा कुणाला ते कदाचित उपयोगी पडतील, स्टँड कापून आणि हेडलाइट खाली करून. त्या स्प्रिंग तेवढ्या वजनाखाली तरी नीट बसतील.